डेल परत येईपर्यंत

खिंडीच्या जरा अलीकडे व्हर्ल टॉलमनचं खेचर घसरलं आणि दगडांच्या उतारावर जाऊन आडवं झालं. मागे तीन पाहुणे घोड्यांवर बसून होते, पण ते शहरातले. त्यांना खोगिरावरून उतरायलासुद्धा उंच दगड शोधावा लागायचा. 'सिनेटर' नावाचं ते खेचर एका कुशीवर पडलं होतं, ओझ्याच्या दोऱ्या त्याच्या पोटाखाली अडकल्या होत्या आणि या सगळ्यात चूक व्हर्लचीच आहे अशा नजरेनं ते त्याच्याकडे बघत होतं. व्हर्ल कंबरेला हात लावून कसाबसा खाली उतरला. त्यानं चाकू काढला.

"दोरी कापू नकोस, बाबा! पीठ, साखर, कॉफी, सगळं खालच्या तळ्यात जाईल!"

आवाज खालच्या वाटेवरून आला. व्हर्लला वळून बघायची गरज नव्हती. मर्ना, त्याची मुलगी. चार उन्हाळ्यांत तो आवाज त्यानं ऐकला नव्हता.

विंड रिव्हरच्या या डोंगरांत पाहुण्यांना घोड्यांवरून वरच्या तळ्यांपर्यंत न्यायचं, आठवडाभर तंबूत ठेवायचं आणि रानट्राउट माशांच्या मागे लावायचं, हाच टॉलमन घराण्याचा धंदा. व्हर्लच्या बापाचा, मग व्हर्लचा. बायको लारू होती तोवर तळावरची चूल तिची असायची. ती गेल्यावर मर्नानं चूल घेतली, पण मर्नाचं डोकं चुलीत कधीच नव्हतं. हरणाच्या केसांची आणि कोंबड्याच्या पिसांची, गळाला लावायची खोटी माशी ती अशी बांधायची, की खरी माशी शेजारी ठेवली तर पाहुणे फसायचे. वारं सुटलेलं असतानाही ती गळाची दोरी फेकून ती माशी झुडपाखालच्या वीतभर सावलीत टेकवायची. पाहुणे पुढच्या वर्षीचं बोलणं करतानाच विचारायचे, "मर्ना असेल ना?"

मुलगा डेल, त्याचा जीव इंजिनांत. घोडा त्याला कळायचा नाही आणि घोड्यालाही तो कळायचा नाही.

तरी व्हर्लला सत्तरी लागली त्या वर्षी त्यानं एका संध्याकाळी पाहुण्यांसमोर सांगून टाकलं, "पुढच्या वर्षापासून हे सगळं डेल बघणार." त्यानं यावर विचार असा केलाच नव्हता. बापानं मुलाला दिलं होतं, आता या बापानं या मुलाला दिलं. मर्ना तवा घासत होती. ती म्हणाली, "आणि मी?"

"तू आहेसच की! तुझ्याशिवाय आम्हाला खायला कोण घालणार?"

सगळे हसले. व्हर्लही हसला. हंगाम संपल्यावर मर्नानं आपली करडी घोडी ट्रेलरमध्ये चढवली आणि डोंगरापलीकडच्या खोऱ्यात एका विधवा बाईकडे कामाला लागली. ती बाईही पाहुणे वर न्यायची. डेल दोन उन्हाळे कसाबसा टिकला आणि मग गॅसच्या विहिरींवर निघून गेला.

आता मर्ना उतारावर बसून सिनेटरच्या मानेवर हात फिरवत होती. "काय रे म्हाताऱ्या, अजून तुला अक्कल आली नाही ना?"

"मला म्हणतेस की त्याला?" व्हर्ल म्हणाला.

"ज्याला लागू पडेल त्यानं घ्यावं."

तिनं ओझ्याखाली खांदा घातला, व्हर्लनं गाठ सैल केली. पीठ आणि कॉफी वाटेवर आली, खेचर धडपडत उभं राहिलं, अंग झाडलं आणि काही झालंच नाही अशा थाटात गवत खाऊ लागलं. दोघांनी मिळून ओझं पुन्हा बांधलं. कुठली दोरी कुणी ओढायची हे बोलावं लागलं नाही. व्हर्लला वाटलं, हे काम संपूच नये.

मर्नाचेही पाहुणे त्याच तळ्यावर चालले होते. तंबू शेजारीशेजारीच लागले.

व्हर्लच्या पाहुण्यांत एक डॉक्टर होते, पोर्टलंडचे. आल्या दिवसापासून त्यांना मासा म्हणून लागला नव्हता. व्हर्ल रोज त्यांच्याजवळ उभा राहून सांगायचा, ते रोज मान हलवायचे आणि दोरी पुन्हा पाण्यावर फाडकन आपटायची. मर्ना तिच्या मुक्कामाच्या शेवटच्या दुपारी काठानं चालली होती, ती थांबली.

"डॉक्टर, पाण्यानं काय वाकडं केलंय हो तुमचं?"

"का?"

"मारताय त्याला. दोरी मागे गेली की ती सरळ होईपर्यंत थांबायचं. मनातल्या मनात बायकोचं पूर्ण नाव घ्या, मग पुढे फेका."

"माझा घटस्फोट झालाय."

"मग तर आणखीच सावकाश घ्याल."

डॉक्टर इतके हसले की त्यांचे खांदे सैल पडले. पुढची दोरी हवेत लांब उलगडली आणि माशी पाण्यावर अलगद बसली. थोड्याच वेळात गळ्याखाली लाल रेघ असलेला, जाडजूड कटथ्रोट ट्राउट त्यांच्या गळाच्या काठीला वाकवत होता आणि डॉक्टर लहान मुलासारखे ओरडत होते. व्हर्ल मागे एका खडकावर बसून बघत होता. ही विद्या त्यानंच तिला दिली होती. पण त्यानं कधी कुणाला असं हसवलं नव्हतं. त्याच्या पाहुण्यांना मासे मिळायचे, तिच्या पाहुण्यांना मासा पकडता यायला लागायचा.

त्याच वेळी त्यानं ठरवलं. वाक्यही जुळवलं: परत ये पोरी, हे सगळं तुझंच होतं. जेवताना त्यानं ते मनात घोळवलं. पण सगळे बसले होते, आणि सगळ्यांसमोर बोलून त्यानं एकदा माती केलीच होती. सकाळी बोलू, त्यानं ठरवलं.

सकाळी ती करड्या घोडीवर खोगीर चढवत होती. तो जवळ गेला.

"डेल गेला."

"कळलं मला."

"एकटाच आहे मी. कंबर काही साथ देत नाही."

मर्नाचा हात पट्ट्यावर थांबला. ती त्याच्याकडे बघत राहिली.

"तर म्हटलं," व्हर्ल म्हणाला, "डेल परत येईपर्यंत तू सांभाळशील का?"

शब्द तोंडातून सुटले तसे त्याला ऐकू आले. रात्रभर जपलेलं वाक्य कुठे गेलं आणि हे कुठून आलं, त्यालाच कळेना.

मर्नानं पट्टा आवळला. "आणि आला तर?"

याचं उत्तर त्याच्याकडे होतं. पण तेवढ्यात एक पाहुणा तंबूतून ओरडला, "टॉलमन, संडासाच्या खड्ड्याचं फावडं कुठे ठेवलंय? घाई आहे!" व्हर्ल फावडं द्यायला गेला. परत आला तोवर ती घोडीवर बसली होती.

"मी थंडीत आयडाहोला चाललेय," ती म्हणाली. "तिकडे माझं स्वतःचं सुरू करतेय. घोडे बघून ठेवलेत. रात्रीच सांगणार होते, पण वाटलं, तुलाच आधी काही बोलायचंय."

"बरं," व्हर्ल म्हणाला. "बरं झालं. घोड्यांचे खूर नीट बघून घे."

"घेईन."

ती पाहुण्यांना घेऊन खाली उतरली. तो झाडीच्या कडेला उभा होता. हाक मारली असती तर ऐकू गेली असती, इतकीच ती लांब गेली होती. त्यानं हाक मारली नाही.

त्या पानगळीत त्यानं घोडे आणि खेचरं गावातल्या एका तरुण जोडप्याला दिली. डेल आलाच नाही. रविवारी मर्नाचा फोन यायचा. बर्फ किती, नदीला पाणी किती, कुठल्या घोडीला शिंगरू झालं. एवढं बोलून झालं की ती म्हणायची, "ठेवते हं."

पुढच्या सप्टेंबरात तिनंच त्याला बोलावलं. आयडाहोत तिनं त्याला एका म्हाताऱ्या, शांत घोडीवर बसवलं.

"ही? हिच्यापेक्षा मी पळेन जोरात."

"पाहुण्यांना मी हीच देते."

पाहुणा. तो रिकिबीत पाय घालून वर चढला. तिचे घोडे तब्येतीनं छान होते, तळ नीटनेटका होता, चुलीशी तिनं एक तगडा गडी ठेवला होता आणि त्याच्याशी ती अदबीनं बोलायची. काही चुकलेलं सापडतं का म्हणून व्हर्लनं बरंच बघितलं.

नदीवर त्याला माशीच्या गळाच्या छिद्रातून दोरी ओवता येईना. डोळ्यांना ते छिद्र दिसतच नव्हतं. मर्नानं माशी त्याच्या हातातून घेतली, ओवली, गाठ मारली, परत दिली.

"त्या दिवशी मी चुकीचं बोललो," व्हर्ल म्हणाला. "वरच्या तळ्यावर. मला वेगळंच म्हणायचं होतं."

मर्ना पाण्याकडे बघत होती. "नाही बाबा. तुला जे वाटत होतं तेच तू बोललास. तोच तर त्रास होता."

त्यानं नाही म्हणायला तोंड उघडलं, पण आपण खोटं बोलणार नाही याची त्याला खात्री वाटेना. मग त्यानं हातातली दोरी मोकळी केली.

"तिकडे टाक," ती हळूच म्हणाली. "पडलेल्या झाडाच्या सावलीत. मोठा बसतो तिथे." त्याच्या दंडाला हात लावून ती बाकीच्या पाहुण्यांकडे निघाली.

पाचसहा वेळा दोरी चुकली, मग एकदा बरोबर सावलीत गेली. मासा लागला, खरंच मोठा. दाखवायला म्हणून व्हर्लनं मान वर केली, पण ती वळणापलीकडे गेली होती. तिकडून तिच्या हसण्याचा आणि कुणाच्या तरी ओरडण्याचा आवाज येत होता. त्यानं माशाच्या जबड्यातून गळ काढला, त्याला थोडा वेळ प्रवाहात धरून ठेवलं आणि सोडून दिलं.