पुतळाबाईंचा अंगठा

मित्रांनो, मी एक जुना हजेरीवाला आहे. माणूस नव्हे, यंत्र. माझ्या छातीवर बोटभर काच आहे, तिच्यावर अंगठा टेकवला की मी माणूस ओळखतो. बोलायचं म्हणाल तर मला दोनच वाक्यं येतात. ओळख पटली तर 'थँक्यू', नाही पटली तर 'प्लीज ट्राय अगेन'. एवढ्याशा भांडवलावर मी बरीच वर्षं तोरा मिरवला.

माझी पहिली नोकरी पवईच्या एका काचेच्या इमारतीत होती. तिथली बोटं मऊ, कीबोर्डाशिवाय कशाला न लागलेली. सकाळी रांग लागायची आणि मी थँक्यू थँक्यू करत सुटायचो. हा कधी चुकत नाही, असं साहेब पाहुण्यांना सांगायचे आणि मी आणखी फुगायचो. पुढे तिथे चेहरा ओळखणारा कॅमेरा आला, आणि माझी रवानगी खोक्यात झाली. तिथे मी खूप धूळ खाल्ली. शेवटी साहेबांनी मला एका संस्थेला देऊन टाकलं आणि मी अंधेरीपलीकडे, वेसाव्याच्या कोळीवाड्यात येऊन पोचलो.

तिथल्या समाजमंदिरात मोठ्या बायकांचा अक्षरओळखीचा वर्ग भरतो. मासळीबाजार आटोपला, घरची जेवणं झाली की बायका येतात. कल्पिताताई शिकवतात. संस्थेचा नियम असा की हजेरी माझ्याकडेच लावायची. नियम काही वाईट मनाने केलेला नव्हता. कागदावरच्या खोट्या हजेऱ्यांना सगळेच विटले होते.

वर्गात सगळ्यांत थोरल्या पुतळाबाई. त्या का आल्या, ते त्यांनी एकदा शेजारी बसणाऱ्या रुक्मिणीला हळूच सांगितलं. मी दाराशीच टांगलेला, मला ऐकू आलं. त्यांची नात दिशा चौथीत आहे. तिचा बाप होडीवर आणि आई दुकानात कामाला, म्हणून प्रगतिपुस्तक आजीपुढे आलं. आजीने अंगठा उठवला. दिशाने त्या निळ्या डागावर तळवा ठेवला आणि पुस्तक तसंच झाकून दप्तरात टाकलं. पुढच्या आठवड्यात पुतळाबाई वर्गात हजर झाल्या. पुढच्या प्रगतिपुस्तकावर सही करायची, एवढंच त्यांना हवं होतं.

आता माझी गंमत ऐका. गंमत कसली, फजितीच. नाव नोंदवताना त्यांचा ठसा कसाबसा एकदा उमटला, त्यानंतर कधी जुळलाच नाही. जन्मभर बर्फात हात, कोयत्याची धार आणि माशांची खवलं. अंगठ्यावरच्या रेघा कधीच पुसून गेल्या होत्या. त्या रोज अंगठा टेकवायच्या आणि मी रोज म्हणायचो, प्लीज ट्राय अगेन. बायका हसायच्या. पुतळाबाईंना वाटलं, हा मेला आपली थट्टा करतो.

मग त्यांनी उपाय सुरू केले. खोबरेल चोळून झालं, लिंबू लावून झालं. बाजारात अंगठ्याला फडकं गुंडाळून बसल्या, तर गिऱ्हाइकं विचारायला लागली, कापलं का हो मावशी? मी मात्र आपला हेका सोडला नाही. त्या पहिल्या बाकावर बसून 'क' गिरवत असायच्या आणि माझ्या पोटात त्यांच्या नावापुढे 'गैरहजर' असायचं.

एके दिवशी संस्थेचा सुयोग आला. पोरगा सालस, पण वरून आलेल्या हुकमापुढे त्याचं काही चालायचं नाही. लॅपटॉप बघत तो म्हणाला, "ताई, पुतळाबाई एकदाही आलेल्या नाहीत. नाव कमी करावं लागेल."

"अरे, तुझ्यासमोर बसल्यात ना त्या," कल्पिताताई म्हणाल्या.

"मला दिसतात हो. सिस्टिमला नाही ना दिसत."

रुक्मिणीने लगेच तोड काढली. तिचाच दुसऱ्या हाताचा अंगठा पुतळाबाईंच्या नावावर घालायचा. कोणाला कळणार? सुयोगलाही ते पटल्यासारखं दिसलं. मलाही चाललं असतं, खोटं कशाला बोलू? मला रेघा लागतात, त्या कोणाच्या का असेनात.

पुतळाबाई उठून उभ्या राहिल्या. आवाज चढवला नाही.

"जलमभर आंगठाच देत आयले, बाय. त्यो सुटावा म्हनून तं तुजे शालेन आयले. आनी दाराशी परत आंगठाच मांगतान? आता तं दुसरीचा?"

सुयोगने लॅपटॉप मिटला. कल्पिताताईंनी खडू पुढे केला आणि म्हणाल्या, आजपासून आत येताना प्रत्येकीने आपलं नाव फळ्यावर लिहायचं, जेवढं येईल तेवढं. पुतळाबाईंनी 'पु' काढला. उकार गळासारखा वाकडा लोंबत होता, पण होता.

सुयोगने तिथेच बसून लॅपटॉप पुन्हा उघडला आणि संस्थेला लिहिलं. लिहिता लिहिता मोठ्याने वाचलं, "ह्या बाई वर्गात येतात. मी स्वतः पाहिलंय. जबाबदारी माझी."

मित्रांनो, हे वाक्य मला कधीच बोलता येणार नाही. जबाबदारी घ्यायला आधी माणूस असावं लागतं. वरून दोन-चार वेळा विचारणा झाली, सुयोग हटला नाही, आणि ह्या वर्गापुरती फळ्यावरची हजेरी मान्य झाली.

मला भिंतीवरून उतरवलं. हल्ली मी टेबलावर असतो. खाडीचा वारा सुटला की कागद उडू नयेत म्हणून मला त्यांच्यावर ठेवतात. सुरुवातीला वाईट वाटलं. पण इथून फळा समोर दिसतो. रोज एकेक अक्षर वाढताना मी पाहिलं आणि मला खरंच आनंद झाला.

परवा दिशा प्रगतिपुस्तक घेऊन थेट वर्गातच आली. पान उडू नये म्हणून तिने मला त्याच्या कोपऱ्यावर ठेवलं. पुतळाबाईंनी चष्मा लावला आणि सावकाश, श्वास रोखून आपलं नाव लिहिलं. उकार अजून वाकडाच होता. दिशाने पान झाकलं नाही. ते उघडंच धरून ती बाकाबाकावर दाखवत फिरली.

तुमच्याही शाळेत माझी नवी भावंडं आली असतील. फार हुशार आहेत ती. त्यांना जपा, वापरा. पण एखाद्या दिवशी त्यांच्यातलं कोणी तुमच्या मैत्रिणीला 'गैरहजर' म्हणालं, तर आधी बाकाकडे बघा. ती तिथे बसलेली असेल.

माझी वायर आता काढलेली आहे, त्यामुळे आवाज निघत नाही. पण पुतळाबाईंना एकदाही न म्हटलेला एक शब्द माझ्या पोटात राहून गेलाय. तेवढा तुम्ही त्यांना माझ्या वतीने सांगा.

थँक्यू.