शिवडीचा कोळी

"पाय ओढू नको! दादा, सांगते ना, ओढू नको!"

बकुळा ओरडली, पण रामदास ऐकण्याच्या पलीकडे गेला होता. त्याने सगळा जोर लावून एक पाय उपसायला घेतला आणि दुसरा मांडीपर्यंत आत गेला. त्याचा उजवा घोटा आदल्या संध्याकाळीच मोडला होता. तो कळवळला आणि दोन्ही हातांनी चिखल चापटू लागला.

बकुळा त्याच्यापासून पंधरा हातांवर, एका तिवराच्या झाडाच्या मुळांवर उभी होती. तिच्या मागे बरीच तिवरं, त्यांच्यामागे बांध आणि बांधापलीकडे शिवडीच्या वखारी. समोर खाडीच्या पाण्याची रेघ दिसत होती. मघाशी ती दोऱ्याएवढी होती. आता चांगली रुंद झाली होती.

"भरती लागली," ती स्वतःशीच म्हणाली.

जानेवारी छप्पनमधली गोष्ट. मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही असं रेडिओवर ऐकल्यापासून लालबाग-परळ धुमसत होतं. गोळीबार झाले, संचारबंदी लागली. रामदास मिलमध्ये बदली कामगार होता आणि चाळीच्या सभांत टेबलावर उभा राहून बोलायचा. आदल्या संध्याकाळी मोर्चा पांगवला तेव्हा तो आणि त्याचा दोस्त रमाकांत शिवडीच्या दिशेने पळाले आणि बांध ओलांडून थेट तिवरांच्या खाजणात घुसले. काळोखात रामदासचा पाय मुळांत अडकून मुरगळला तो मोडलाच. रात्रीची भरती दोघांनी झाडावर काढली; सकाळी रमाकांत कसाबसा चाळीत पोचला आणि त्याने ही बातमी आणली, आणि इकडे रामदास एकट्यानेच निघायला जाऊन चिखलात रुतला. पण आणायला जाणार कोण? रस्त्यावर दिसेल त्या तरुण पोराला पोलीस गाडीत कोंबत होते.

"पोरीक कोण अडवतलो नाय," दोघांची आई आनंदीबाई म्हणाली. नवरा गेल्यापासून ती मिलमध्ये सुताच्या कांड्या भरत होती आणि दोन्ही पोरांना वाढवत होती. तिने डब्यात चार भाकऱ्या घातल्या. "कोणी इचारल्यान तर सांग, आजयेक डबो नेतंय."

बकुळा सोळा वर्षांची होती. दहाव्या वर्षापर्यंत ती मालवणकडे आजोळी वाढली होती आणि तिथल्या खाडीत मामाबरोबर कुर्ल्या-खेकडे धरायला जायची. चिखलात उभं राहिलं की माणूस बुडतो, आडवं झालं की तरतो, हे तिला पाढ्यांच्या आधी आलं होतं. मुंबईला आल्यावर या ज्ञानाचा काही उपयोग उरला नव्हता.

तिने डबा फांदीला अडकवला. मग लुगडं सोडू लागली.

"काय करतेस?" रामदास ओरडला.

"तू तिकडे बघ."

लुगडं गळ्याभोवती गुंडाळून परकर-चोळीवर ती पोटावर आडवी झाली. तिवराच्या फांद्या मोडून पुढे टाकायच्या, त्यांच्यावर सरकायचं, मागच्या उचलून पुन्हा पुढे टाकायच्या. पंधरा हात जायला अर्धा तास लागला. चिखलाला कुजक्या अंड्यासारखा वास येत होता. इवलाल्या निवट्या, चिखलातले मासे, टुणटुण उड्या मारत तिच्या वाटेतून बाजूला होत होत्या. कोपर शिंपल्यांनी कापलं, ते तिला नंतर कळलं.

जवळ पोचताच रामदासने तिचा दंड घट्ट धरला.

"सोड. दोघं जाऊ आत."

"बके, मला सोडून जाऊ नको गं."

"आले कशाला मग? सोड हात."

त्याने हात सोडला. तिने त्याच्या मांडीभोवतीचा चिखल ओंजळीने उपसायला घेतला. एक ओंजळ काढली की दीड ओंजळ पुन्हा आत यायची. थोड्या वेळाने ती थांबली आणि खाडीकडे बघत राहिली.

"थांबलीस का?"

"पाणी येऊ दे. पाणी आत शिरल्याशिवाय हा चिखल सोडणार नाही."

"आणि पाणी डोक्यावरून गेलं तर?"

बकुळाने गळ्यातल्या लुगड्याचं एक टोक त्याच्या काखांतून घेऊन गाठ मारली, दुसरं टोक तोंडात धरून ती सरपटत परत झाडाकडे गेली आणि खोडाला घट्ट बांधून आली. तेवढ्यात पहिलं पाणी आलं. आवाज न करता मुळांच्या खुंट्यांमधून आलं आणि रामदासच्या पोटाला लागलं.

त्यानंतर ती एक क्षण स्वस्थ बसली नाही. पाणी आत शिरावं म्हणून मांडीलगत हात खुपसून फिरवत राहिली. "पाय गोल फिरव. वर नाही, गोल. जात्यासारखा." पाणी छातीला लागलं तेव्हा डावा पाय सुटला. उजवा हलवायचा म्हणजे मोडका घोटा फिरवायचा. रामदास गुरासारखा ओरडला. पाणी खांद्यापर्यंत आलं.

"फिरव!"

"नाही होत."

"आई तिकडे दारात उभी असेल. फिरव म्हणते ना!"

पाणी हनुवटीला लागलं तेव्हा तिने श्वास रोखून बुडी मारली, दोन्ही हातांनी त्याची पोटरी धरली आणि पिळली. तो जागच्या जागी बेशुद्ध झाला, पण पाय सुटला. मग लुगडं धरून त्याला ओढणं तेवढं सोपं गेलं, कारण आता तो पाण्यावर होता.

झाडाच्या बेचक्यात तिने त्याला लुगड्याने बांधलं आणि स्वतः वरच्या फांदीवर बसली. दुपारभर खालून पाणी वाहत राहिलं. रामदास शुद्धीवर आला. टेबलावर उभा राहून शेकडो माणसांना हलवणारा तिचा भाऊ ओठ दाबून रडू लागला. तिने भाकरीचे तुकडे करून त्याच्या तोंडात घातले. तो रडत रडत खात होता. ती दर थोड्या वेळाने खाली वाकून, पाणी खोडाच्या कुठल्या गाठीपर्यंत आहे ते बघत होती. एकदा पाणी त्याच्या गुडघ्यापर्यंत चढलं आणि तिथेच थांबलं.

ओहोटीला पुन्हा फांद्या, पुन्हा सरपटणं, या वेळी त्याला लुगड्यावर घालून मागे ओढत. बांधावर पोचले तेव्हा दिवस मावळत होता. रामदासने आपला सदरा तिला दिला. लुगड्याच्या चिंध्या झाल्या होत्या, त्या तिने कमरेला गुंडाळल्या. एका हातगाडीवाल्याला दया आली. त्याने दोघांवर गोणपाट टाकलं आणि गल्लीबोळांतून चाळीपर्यंत आणून सोडलं.

आनंदीबाईने दार उघडलं. आधी लेकाला बघितलं, मग लेकीला, डोक्यापासून पायांपर्यंत. दोघांना आत ओढून तिने कडी लावली. बकुळाला मोरीत ढकललं आणि अंगावर भराभर पाणी ओतू लागली. तेवढ्यात शेजाऱ्यांनी दार वाजवलं.

"कसा आला? कोणी आणला?"

"एका कोळ्यान हाडून सोडल्यान," आनंदीबाई दाराआडूनच म्हणाली. "शिवडीच्या. देवासारखो इलो."

"आई, कोळी कुठला?" रामदास खाटेवरून म्हणाला.

ती वळली. आवाज खाली आणून म्हणाली, "तिचा लगीन करूचा आसा माका. दिवसभर खाजणात, अंगार लुगडां नाय. लोकांची तोंडां तू धरतलंस?"

रामदास त्या रात्री बराच वेळ आईशी भांडला. दुसऱ्या दिवशी थोडं कमी. आठवड्याने भेटायला आलेल्यांना तो स्वतःच कोळ्याची हकीगत सांगू लागला.

पाय जुळला, पण वाकडा. रामदास लंगडत चालायचा आणि लोक त्याला वाट करून द्यायचे. कोळी दर वर्षी वाढत गेला. त्याला मिशा आल्या, होडी आली. पोलिसांना त्याने कशी हूल दिली हे चाळीतल्या पोरांना तोंडपाठ झालं. कोळ्याची गोष्ट निघाली की बकुळा उठून जायची. नळावर जायची, गच्चीत जायची, नाहीतर उगाच जिना उतरून पुन्हा चढायची. आईबरोबर ती मिलमध्ये कांड्या भरू लागली होती. तिथेही बाकीच्या बायका जेवायच्या सुट्टीत पाय पसरायच्या आणि ही उभ्यानेच जेवायची. "हिच्या पायाक भिंगरी," असं आई म्हणायची आणि दुसरीकडे बघायची.

साठ सालच्या एक मेला चाळीच्या चौकात मांडव पडला. महाराष्ट्र झाला होता, मुंबईसकट. पताका लावल्या, पेढे वाटले. चळवळीच्या समितीचं काम बघणारे अप्पा शाळामास्तर होते. त्यांनी मार खाल्लेल्या, तुरुंगात गेलेल्या सगळ्यांचा सत्कार ठरवला होता. व्यासपीठावर एक खुर्ची त्यांनी मुद्दाम रिकामी ठेवली आणि तिच्यावर एक नारळ ठेवला.

"हा मान त्या अनामिक कोळी बांधवाचा," अप्पा म्हणाले. टाळ्या पडल्या. "रामदास, आज तरी आठवून सांगा. त्यांचं नाव काय होतं? आपण शिवडीला जाऊन शोधून काढू त्यांना."

रामदास माईकपाशी आला. बायकांच्या गर्दीत, खांबाला टेकून बकुळा उभी होती. तिचं लग्न ठरलं होतं, ज्येष्ठात. त्याने तिच्याकडे बघितलं. तिने नजर काढून घेतली नाही. मान हलवून नाही म्हणाली नाही, होही म्हणाली नाही. पहिल्यांदाच ती जागची हलली नव्हती.

"नाव..." तो म्हणाला. माईक खरखरला. "नाव विचारायचं राहूनच गेलं."

पुन्हा टाळ्या पडल्या. या वेळी जास्त.

कार्यक्रम संपल्यावर अप्पांनी तो नारळ आनंदीबाईच्या हाती दिला. "तुमच्याकडेच राहू द्या. कधी भेटलाच तो, तर द्या."

रामदास खाली लोकांत अडकला होता. मायलेकी वर खोलीत आल्या. आनंदीबाईने दिवा लावला. नारळ देवापुढे ठेवायला ती फळीपर्यंत गेली आणि तशीच उभी राहिली. मग मागे वळली, पदर डोक्यावरून घेतला, जसा ती मोठ्या माणसांपुढे घ्यायची, आणि दोन्ही हातांनी नारळ बकुळापुढे धरला.

बकुळाने तो घेतला. खालून लाऊडस्पीकरचा आवाज येत होता. ती भिंतीशी पाय पसरून बसली आणि नारळ मांडीवर घेऊन शेंडीचा एकेक धागा सोलू लागली, सावकाश, अजिबात घाई न करता.