शेवट लांबलाय

"वहिनी, दादा आज त्याचा मोठा शब्दकोश मला देऊन गेला. जपून वापर म्हणाला. मला काही बरं लक्षण वाटत नाही गं."

नणंदेचा फोन आला तेव्हा तिच्या एका खांद्यावर बाळ होतं, दुसऱ्या खांद्यानं फोन कानाशी दाबलेला. ती हसली. "अगं, बरंच झालं! पाळण्याला जागा झाली. लेखकाची लहर, दुसरं काय?"

त्याचं मासिक बंद पडून पाच महिने झाले होते. संपादकाची खुर्ची गेली तशी त्याची झोप गेली, मग भूक, मग बोलणं. ती क्रमिक पुस्तकांची प्रुफं घरी आणून संसार ओढत होती. त्याचं गप्प बसणं तिला मनातून आळसच वाटायचं.

एक रीत मात्र लग्नापासूनची. लिहून झालं की तो पानं तिच्या टेबलावर ठेवायचा, ती समासात पेन्सिलीनं शेरे मारून परत करायची. तोंडानं कुणी काही बोलायचं नाही.

त्या दुपारी पाच पानं आली. एक माणूस पुस्तकं वाटून टाकतो, कपाट आवरतो, निघून जातो. किती दिवसांनी लिहिलं म्हणून ती हरखली. भराभर वाचून शेवटी लिहिलं: 'उत्तम. पण शेवट लांबलाय. जायचंच आहे तर रेंगाळतो कशाला?' पानं त्याच्या टेबलावर ठेवली आणि बाळाचा लंगोट बदलायला बसली.

गाठ सोडता सोडता बोटं थबकली. गोष्टीतल्या माणसाच्या मुलीचं नाव चिमटी होतं. बाळाचं घरातलं नाव. घरातलं नाव तो गोष्टीत कधीच घालत नसे.

तशीच बाळाला उचलून ती धावली. खोली रिकामी, टेबल रिकामं. तो गच्चीच्या दाराशी, वरच्या पायरीवर बसला होता. पानं मांडीवर.

"बरोबर आहे तुझं," तो म्हणाला. "लांबलाच."

"चुकलं रे माझं. लांबू दे. हवा तेवढा लांबू दे."

तिनं बाळ त्याच्या मांडीत ठेवलं, त्या पानांवरच, आणि नणंदेला फोन लावला. चिमटीनं तेवढ्यात पानांवर आपला कार्यक्रम उरकला. तो हसला नाही. पण लेकीला घट्ट धरून जिना उतरला.

आता डॉक्टरांच्या गोळ्या चालू आहेत. वेळ लागेल म्हणतात. तो शेरा तिनं रबरानं खोडलाय. पण पेन्सिल जोरात दाबली होती, बोट फिरवलं की अजून लागतो.

भेटेल त्याला ती हेच विचारते, तुम्हालाही विचारतेय: तुमचं कुणी हल्ली गप्प झालंय का? जिवापाड जपलेली वस्तू कुणाला देऊन टाकलीय का? मग हे बाजूला ठेवा आणि उठा. जाऊन बघून या.