भिंतीकडची फट

मिस्त्रीचा हात म्हणजे वाहतं पाणी, थांबणं त्याला ठाऊकच नाही. काम सोडून वर्षं लोटली तरी हात कामावरच. जेवताना ताटाच्या काठावरून बोट फिरवणार, बसल्या बसल्या भिंतीवरचा पोपडा नखाने उकरणार. बायको म्हणायची, "अहो, झोपेत तरी हात खाली ठेवा. स्वप्नात कुणाचं घर बांधताय?"

आता तेवढं बोलायलाही घरात कुणी नव्हतं. बायको लेकीकडे जाऊन राहिली होती.

पुढच्या खोलीतल्या फरश्या मिस्त्रीने ऐन उमेदीत स्वतः बसवलेल्या. दिवसा लोकांची घरं, संध्याकाळी आपलं. वर एक दिवा लावला की खाली दुसरा लागायचा, इतक्या लख्ख. आणि एके सकाळी त्याच फरशीवरून बायको घसरली. पाय ओला, हातात दुधाचं पातेलं. खुब्याचं हाड मोडलं. पुढे हाड सांधलं, धीर काही सांधला नाही. दवाखान्यातून निघाली ती थेट लेकीच्या घरी. "त्या आरशावर मी पुन्हा पाऊल ठेवायची नाही," म्हणाली.

मिस्त्रीला ते लागलं. फरशीला नाव ठेवलं म्हणजे त्यालाच ठेवलं. पण रिकामं घर त्याहून जास्त लागत होतं. एका माणसाचा चहा करताना साखर किती घालायची ते त्याला अजून जमत नव्हतं.

लेक सुतारकाम करायची. लहानपणी एका जागी ठरत नसे म्हणून बापाने तिला भिंगरी म्हटलं, आणि पुढे कारखान्यातल्या माणसांनीही तेच उचललं. तोड तिनेच काढली.

"अप्पा, फरशी फोडायची नाही. वरून बांबूच्या फळ्या घालते. पायाला ऊब लागेल, घसरणारही नाही. आई येऊन बघेल. पाय टिकला तर राहील. नाही टिकला तर कायमची माझ्याकडे."

"कायमची म्हणजे?"

"कायमची म्हणजे कायमची. हे मी नाही, ती म्हणालीय."

काम सुरू झालं आणि मिस्त्रीच्या अंगात वारं भरलं. या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात, उगाच. भिंगरीने फरशीवर पातळ फोम अंथरला.

"हे काय, फरशीला गादी?"

"हो. झोपवतेय तिला. फार जागली."

मग फळ्या आल्या. पिकल्या मधाच्या रंगाच्या, अंगावर बांबूच्या पेरांच्या खुणा. एकीच्या कडेला जीभ, दुसरीच्या कडेला खाच. ठोकळा लावून अलगद ठोकलं की जीभ खाचेत जाऊन बसे. चुना नाही, सिमेंट नाही, खिळा नाही.

"जिभेवर कधी काही टिकलंय का, भिंगरे? जिभेने तर संसार मोडतात."

"तुमचा टिकवायला बघतेय ना! पाय उचला, फळीवर उभे आहात."

शेवटची फळी बसली. फळ्या आणि भिंत यांच्यामध्ये खोचून ठेवलेल्या पाचरी भिंगरीने एकेक करून उपटल्या. मिस्त्रीने वाकून पाहिलं. चारही भिंतींलगत फळ्यांची ओळ भिंतीला टेकतच नव्हती. बोटभर फट, आणि फटीतून खाली त्याची जुनी फरशी लुकलुकत होती.

"फट राहिली."

"राहिली नाही, ठेवलीय. बांबू हवा पितो, अप्पा. ओल आली की अंग पसरतो, सुकला की आकसतो. त्याला हातपाय हलवायला जागा नको? वरून पट्टी लागेल, दिसणार नाही."

"लाकूड तोडलं की मेलं. मेलेल्याला कसली जागा?"

"मेलेलं असो की जिवंत, तुम्ही हात लावू नका म्हणजे झालं." आणलेल्या पट्टीचा रंग फळ्यांशी जुळत नव्हता. "नवी आणते. आई येईल त्या दिवशी आधी येऊन ठोकून टाकते," असं सांगून ती गेली.

मागे उरले मिस्त्री आणि फट. तो खुर्चीत बसला, उठला, खिडकीशी गेला, परत आला. फट तिथेच. पट्टीखाली काय काय दडतं हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. लोकांनी ठोकलेल्या पट्ट्या उचकटून आणि आतलं तुटकं काम पाहून तो जन्मभर हसला होता. पोर नवी, माप चुकलं असेल, बापापुढे कबूल कसं करणार? आपण कशाला आहोत मग?

जिन्याखालून थापी निघाली. पांढऱ्या सिमेंटात तपकिरी रंग कालवला, थेंब थेंब पाणी घालून मधाचा रंग नेमका उतरवला. गुडघे कुरकुरत होते, हात मात्र गात होता.

सूत धरावं, सरळ जावं,
सांध्याने सांध्याला घट्ट मिठीत घ्यावं.

भिंतीभोवती फिरून जिथून सुरुवात केली तिथेच तो येऊन पोचला. फट अशी बुजली की फळी कुठे संपते आणि सांधा कुठे लागतो ते डोळ्याला कळू नये. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा त्याला शांत झोप लागली.

सकाळी उठून त्याने जे केलं ते कुठलाही गवंडी करेल. सिमेंट ताजं होतं. ताज्या सिमेंटला पाणी मारावं लागतं, नाही तर ते तडकतं. त्याने तांब्या भरला आणि कडेकडेने धार धरली. संध्याकाळी पुन्हा. दुसऱ्या दिवशीही. हाताशी बादली होतीच, म्हणून सगळ्या फळ्यांवरूनही ओलं फडकं फिरवलं. बायको यायची, घर कसं चमकायला हवं.

ती यायची त्या दिवशी दुपारी जमीन बोलायला लागली. आधी टक्, मग कुर्रर्र. मिस्त्रीने पाय टाकला तर दाराजवळची फळी पायाखाली खाली गेली आणि पाय उचलताच वर आली. दारापासून खिडकीच्या अंगाला मांजराने पाठ उंचवावी तसा फुगवटा.

हे काय झालं? त्याने पिठाचा डबा आणून वर ठेवला. फुगवटा पलीकडे सरकला. तिथे शिवणयंत्र ओढलं. फुगवटा दोघांच्या मधून वर. शेवटी खुर्ची टाकून तो स्वतःच त्यावर बसला. उठावं तर जमीन वर येते, बसावं तर वेळ पळतो. ती दारात उभी राहील, पहिलं पाऊल नेमकं इथेच टाकेल, पाय लचकेल. आणि मग कायमची म्हणजे कायमची.

भिंगरी पट्ट्यांचा भारा खांद्यावर घेऊन आली.

"अप्पा, दारात का बसलात राखणदारासारखे?"

"सहज. वारा बरा येतो."

तिने डबा पाहिला, यंत्र पाहिलं, बापाचा चेहरा पाहिला. खाली बसून कडेवरून अंगठा फिरवला आणि तो तसाच ठेवून म्हणाली, "हे कुणी भरलं?"

मिस्त्रीने हात पाठीमागे नेले.

"आणि ही ओल कसली?"

"सिमेंट ताजं होतं," तो पुटपुटला. "पाणी मारलं."

"पाणी? बांबूला?" तिने कपाळाला हात लावला. "पसरायला जागा ठेवली ती बुजवलीत, आणि वर पसरायला पाणी पाजलंत! त्याने जायचं कुठे? वरच येणार ना!"

"माझं चुकलं का गं?"

"मी रागावलेय, अप्पा. पण ते उद्या. आता छिन्नी घ्या."

दोघं जमिनीवर पालथी पडली, ती एका भिंतीला, तो दुसऱ्या. आपल्याच हाताचा सांधा फोडायचा त्याच्यावर आजवर प्रसंग आला नव्हता. पहिला घाव घालताना हात थबकला. मग दुसरा घातला, मग तिसरा. खपल्या उडू लागल्या. एवढं घट्ट कशाला भरलंस, मेल्या, एवढं घट्ट कशाला? आपल्याच हाताला तो शिव्या घालत होता. खिडकीवाटे उतरतं ऊन येत होतं, रस्त्यावर गाडी वाजली की दोघांच्याही माना वर.

दाराजवळचा शेवटचा तुकडा निघाला तशी जमीन जोरात कडाडली आणि फळ्या भिंतीकडे सरकल्या. फुगवटा निम्मा बसला. निम्मा तसाच.

"या दोन-तीन फळ्या बदलायला लागतील," भिंगरी म्हणाली. "बाकीचं सुकेल आणि बसेल. आज नाही बसणार."

"आज ती येतेय."

तेवढ्यात खाली जावयाची गाडी थांबली. काठीचा आवाज जिना चढू लागला. मिस्त्री धडपडत उठला. "कपाट सरकवू या का वर? दिसणार नाही. निदान आजच्या दिवस?"

"तुमची बायको, तुम्ही ठरवा."

काठी वर येत होती. त्याने कपाटाला हात घातला. घातला आणि काढला.

ती उंबऱ्याशी आली. आधी तिने जमीन पाहिलीच नाही, नवऱ्याला पाहिलं. केसांत, भुवयांत, मिशीत तपकिरी भुकटी.

"अगं बाई! कुठल्या गिरणीत पडला होतात?"

ठरवलेली वाक्यं मिस्त्रीच्या डोक्यातून पळाली. "थांब, पाऊल टाकू नकोस," तो म्हणाला. "इथे हलतंय. दारापासून खिडकीकडे, एवढा पट्टा. पोरीचं काम चोख होतं. मी फट बुजवली, वर पाणी मारलं. माझ्यामुळे बिघडलं."

बायको त्याच्याकडे पाहत राहिली. इतक्या वर्षांत या माणसाच्या कामात काही बिघडल्याचं तिने त्याच्याच तोंडून कधी ऐकलं नव्हतं. मागे जावई पिशवी घेऊन खोळंबला होता.

"आणि बाकीची जमीन?"

"बाकीची तुझ्या लेकीची आहे."

तिने चपला काढल्या. भिंतीच्या बाजूने, फुगवट्याला वळसा घालून, एक तळवा फळीवर टेकवला. बोटं फांदीवरच्या पाखरासारखी आवळली. तसाच ठेवला. मिस्त्रीने आधाराला हात पुढे केला.

"धरू नका मला. मी धरते तुम्हाला." तिने काठी दाराशी टेकवली आणि त्याचं मनगट पकडलं.

एक पाऊल. मग दुसरं. खालून टक् असा आवाज आला तशी दोघं जागच्या जागी थिजली.

"काय झालं?"

"काही नाही, आई," भिंगरी म्हणाली. "फळी अंग सैल करतेय."

"करू दे बापडी," ती म्हणाली. श्वास कोंडलेला होता, तरी पुढचं पाऊल पडलं. मग पुढचं. स्वयंपाकघराच्या दारापर्यंत पोचायला तिला केवढा तरी वेळ लागला. तिथे चौकटीला टेकून तिने आत नजर टाकली. "एक भांडं जागेवर असेल तर शपथ! गाळणी कुठेय? आणि साखरेचा डबा कुणी असा उघडा टाकला?"

जावयाने बाहेरूनच विचारलं, "आई, पिशवी आत आणू, की गाडीतच राहू दे?"

"आण की! रात्रीच्या गोळ्या काय शेजारणीच्या घ्यायच्या मी?"

पिशवी घ्यायला मिस्त्री वळला. पण मनगट काही सुटेना.