डॉक्टरांना घातलेलं गाऱ्हाणं

आमच्या बाजारातल्या दवाखान्यात डॉक्टर गुरुप्रसाद बाईमाणसाला दोन मिनिटं देतात. त्यातलं दीड मिनिट ते स्वतःच बोलतात. मी किशोरी, इथली आशा सेविका. बारा वर्षं गरोदर बायांना त्यांच्या दारात नेऊन बसवतेय, त्यामुळे हे मी घड्याळ लावून सांगू शकते.

वेरोनिका त्या दिवशी दीड मिनिटातच बाहेर आली. आठवा महिना, तोंड सुजलेलं, हातात लोहाच्या गोळ्यांची चिठ्ठी. वेरोनिका कर्नाटकातल्या हल्याळकडची सिद्दी. तिचे पूर्वज कधीकाळी पोर्तुगिजांच्या जहाजांतून आफ्रिकेहून आणलेले. आमच्या गावचा अ‍ॅलन गोव्यात कामाला असताना तिच्याशी लग्न करून आला, तेव्हा गावाने आठ दिवस तिच्या काळ्या रंगाकडे टक लावून पाहिलं. मग तिने केलेली सांदणं खाल्ली आणि गप्प बसलं. डॉक्टरांनी मात्र तिच्याकडे अजून धड बघितलंही नव्हतं.

मी विचारलं, बीपी घेतलं का. नाही. डोकं दुखतंय ते सांगितलंस का. सांगायला लागले, तर म्हणाले, तुम्ही सिद्दी लोक दणकट, तुम्हाला काही होत नाही.

माझं टाळकं फिरलं. आठव्या महिन्यात सूज आणि डोकेदुखी म्हणजे काय, हे मला चार दिवसांच्या प्रशिक्षणात कळलंय. त्यांनी तर त्यासाठी वर्षंच्या वर्षं घातलीत. बीपी चढलेलं असलं, तर बाई आणि बाळ दोघंही हातची जाऊ शकतात. मी तरातरा आत निघाले, पण वेरोनिकाने माझा पदर धरला. मला ते पहिल्या वाक्यातच गप्प करतात, हे तिला ठाऊक होतं.

"कोण मधी बोलाचा नाय, असा काय आसा, किशोरीताय?" तिने विचारलं.

"गाऱ्हाणा," मी चिडून म्हटलं. "गाऱ्हाण्यात कोण मधी बोलणा नाय."

मी आपलं रागात बोलून गेले, पण तिचे डोळे चमकले. तिचे सासरे कुस्तोदियो दर रविवारी चर्चला जातात, आणि वर्षातून एकदा काजूच्या बागेत राखणदाराला, म्हणजे जागेच्या देवाला, नारळ ठेवून गाऱ्हाणंही घालतात. एकाने देवाकडे मोठ्याने मागायचं, बाकीच्यांनी हात जोडून होकार द्यायचा. तीन वर्षं ती शेजारी उभी राहून ऐकत होती.

तिने बाकावरच्या सहा बायांच्या कानात काहीतरी सांगितलं. मग दार सताड उघडं ठेवून ती आत गेली आणि टेबलासमोर हात जोडून उभी राहिली. गाऱ्हाण्यात देवालाही अरे-तुरे करतात, तिथे डॉक्टरांची काय कथा.

"बा डॉक्टरा म्हाराजा, तीन दिस माझा डोक्या दुखता, रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," बाकावरून आलं.

"डोळ्यांफुडे काजवे चमकतत. मी काळी, म्हणान माका दुखणा नाय, असा तुझ्या मनात इला असात, तर तां काढून टाक, रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

आणि इथे गंमत झाली. डॉक्टर मूळचे मालवणजवळच्या मसुऱ्याचे. गाऱ्हाणं सुरू झालं की उठायचं, हात जोडायचे, ही लहानपणापासूनची सवय. ते उठून उभे राहिले होते, आणि या वेळी बायांच्या आवाजात त्यांचाही आवाज होता.

"तर आता माझा बीपी मोज, लघवी तपास, नि काय गावता तां माका समजावन सांग, रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," डॉक्टर म्हणाले. सगळ्या दवाखान्यासमक्ष होकार दिल्यावर मागे कसं फिरणार?

बीपी निघालं एकशे सत्तर, खाली एकशे दहा. डॉक्टरांचा चेहरा उतरला. त्यांनी पुन्हा मोजलं, इंजेक्शन दिलं, जिल्ह्याच्या इस्पितळात स्वतः फोन केला, गाडी मागवली. ती येईपर्यंत वेरोनिकाला एकेक गोष्ट समजावून सांगितली. किती मिनिटं, ते मी मोजलं नाही. मी रडत होते.

दीड महिन्याने वेरोनिका मुलीला घेऊन तपासणीला आली. मुलगी वजनाला कमी, आवाजाला भारी. डॉक्टर जरा ओशाळं हसले आणि म्हणाले, "गाऱ्हाणं घातलंत, पण नारळ काही कबूल केला नाहीत."

"नारळ देवाक, डॉक्टर," वेरोनिका म्हणाली. "तुमचा तर ह्या कामच आसा."

मग ती खुर्चीत नीट टेकून बसली आणि बोलायला लागली. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.