हसला की पडतो

रुद्रेशला त्रास दोनच. दिवसा कुठंही झोप यायची, आणि हसू आलं की तो पडायचा. शुद्ध जाग्यावर, कानाला सगळं ऐकू येतंय, पण मान, जबडा, गुडघे एकदम ढिले. मेंदूच्या डॉक्टरांनी त्याला नीट समजावलं होतं. स्वप्न पडतं तेव्हा मेंदू हातापायांना कुलूप घालतो, नाहीतर माणूस स्वप्नातल्या कुत्र्याला खरंच लाथ हाणील. रुद्रेशच्या मेंदूच्या तळाशी जागं ठेवणाऱ्या पेशी मेल्यात, म्हणून हसला की ते कुलूप भरदिवसा पडतं. चौसाळ्यात त्याच्या भांड्यांच्या दुकानात हे ऐकून घेणारा एकही नव्हता. नाकाला चप्पल लावायला मात्र अख्खा बाजार पळत यायचा.

म्हणून वडवणीला कावेरीला बघायला जाताना आई, नीलम्मा, वाटभर एकच सांगत होती, "हसू नको. बापाचं मयत आठव."

बैठकीत रुद्रेशच्या शिवलिंगमामानं कावेरीला चालून दाखवायला लावलं. पोरगी लंगडी तर नाही? पोरालाही चालवून बघावं, ही रीत आजवर कुणाच्या बापानं पाडलेली नाही. कावेरी दारापर्यंत गेली, वळली आणि म्हणाली, "मामा, दातबी मोजायचेत का?"

ती रुद्रेशला आवडली, इथवर ठीक होतं. पण हसू आलं. हातातली पोह्याची बशी सुटली आणि तो सतरंजीवर आडवा.

"फेफरं," कावेरीची आत्या छबुबाई म्हणाली. "चप्पल आणा. उत्तरेश्वरची आणा, लई वास हाय तिला."

उत्तरेश्वर म्हणजे कावेरीचा बाप. "नवी हाय माझी," तो फुरंगटून म्हणाला.

रुद्रेशला आतल्या आत आणखी हसू यायला लागलं, आणि हसू थांबेना म्हणून अंगावरचं कुलूप निघेना.

सोयरीक हातची चाललेली बघून मामानं ठोकून दिलं. "चप्पल ठेवा खाली. महादेवाचं वारं हाय ते. दर सोमवारी येतं."

"आज गुरुवार हाय," उत्तरेश्वर म्हणाला.

"पावण्याच्या घरी कवाबी येतं."

झालं. आजारी जावई चालत नव्हता, अंगात येणारा लगेच चालला. रुद्रेशच्या कपाळावर हळद-कुंकू थापलं गेलं. छबुबाईनं आधी आपल्या गुडघ्याचं गाऱ्हाणं घातलं, मग भावजयीचं. शेवटी कावेरीला पुढं ढकललं, "पाया पड, माग कायतरी."

कावेरी वाकली आणि त्याच्या कानाशी पुटपुटली, "देवा, ही सोयरीक मोड. माझा नर्सिंगला नंबर लागलाय, बाबा जाऊ देईनात."

रुद्रेशचं हसू तिथंच विझलं. ते विझल्याबरोबर हातापायांत जोर आला.

तो उठून बसला. समोर सगळे हात जोडून. हा देव नाही, आजार आहे, हे सांगून सांगून त्याचा घसा बसला होता. आता खरं सांगितलं तर सोयरीक मोडेल, पण पुढच्या आठवड्यात उत्तरेश्वर दुसरा पोरगा आणून बसवील. या माणसाला पोरीचं ऐकू येत नाही, देवाचं येतं. बरं, मग ऐक.

त्यानं डोळे फिरवले. "पोरीला नर्सिंगला घाल. शिक्षण होईस्तवर लग्नाचं नाव काढलंस तर..." पुढं काय धमकी द्यावी ते सुचेना. "तर बघ."

"घालतो, देवा," उत्तरेश्वरनं कान धरले. मग चाचरत म्हणाला, "आन शिकल्यावर? ह्याच पोराला द्यायची का?"

'हो' रुद्रेशच्या ओठांवर आलं होतं. ती त्याला हवीच होती. त्यानं तिच्याकडं बघितलं. कावेरीला सगळं उमगलं होतं. तोंडात पदराचा बोळा कोंबून ती गदगदत होती. रुद्रेशला हसू फुटलं, जबडा सुटला आणि देव पुन्हा सतरंजीवर. 'हो' आतच राहिलं.

"काय म्हनला देव?" छबुबाई वाकून विचारायला लागली.

कावेरीनं त्याच्या तोंडाशी कान नेला. बराच वेळ ऐकल्यासारखं केलं.

"देव म्हनतोय, ते पोरीलाच इचारा," ती म्हणाली. "तिचं शिक्षण झाल्यावर."