झंझावीरचे फिके रंग

१९८८ साली धरणगावात कॉमिक्स वाचायची आमची जागा म्हणजे कुंदाअक्काची पिठाची गिरणी. गिरणीत कॉमिक्स कशाला, असं बाहेरगावचे पाहुणे विचारत. आम्हाला त्यात विचारण्यासारखं काही वाटायचं नाही. दळण ठेवलं की थांबावं लागतं, लाईट गेली की फारच थांबावं लागतं, आणि थांबलेली माणसं भांडतात. एकदा नंबरावरून दोन डबे आणि एक कवळी फुटली. तेव्हापासून अक्काने जळगावच्या भावाकडून हिंदी कॉमिक्स मागवायला सुरुवात केली. भांडणं बंद झाली. नियम एकच होता. वाचायचं ते गिरणीतच. कॉमिक घरी न्यायचं नाही.

मी भाईदास. बारावीला दुसऱ्यांदा बसलेलो, त्यामुळे वेळ होता. घरचं दळण मी न्यायचोच, पण शेजारच्या तीन घरांचंही न्यायचो. आई म्हणायची, पोरगं सेवाभावी निघालं. मी तिचा गैरसमज दूर केला नाही.

आमचा हिरो झंझावीर. तो फुंकर मारायचा आणि समोरचा उडून जायचा, एवढीच त्याची शक्ती. दिवसा तो पटवारी असायचा, म्हणजे आपल्याकडचा तलाठी. जागेवर कधी सापडायचा नाही, कारण तेव्हा तो जग वाचवत असायचा. हे कळल्यापासून आमच्या तलाठीआप्पांच्या बंद दाराला मी मनातल्या मनात हात जोडू लागलो.

लेखनाबद्दल माझी मतं कडक होती. झंझावीर ठोसा मारतामारता ‘ले, खा मेरा घूँसा’ असं सांगायचा. खाणाऱ्याला ते कळत होतंच. खलनायक आपला बेत आधी सगळ्यांना सांगायचा, लग्नपत्रिका वाटल्यासारखा. आमच्याकडे बांधावरून मारामारी होते तेव्हा कोणी इतकं बोलत नाही; बोलायचं ते नंतर कोर्टात. चित्रं मात्र उत्तम. चित्रकाराला घोडा तेवढा काढता यायचा नाही, म्हणून घोडा नेहमी झाडामागे उभा असायचा. आपली अडचण ओळखून वागणारा माणूस मला आवडतो.

पण माझा खरा अभ्यास रंगांचा होता. झंझावीरचे रंग कायम फिके, धुक्यातून पाहिल्यासारखे. त्यातही प्रकार होते. दिवाळीच्या सुमाराचे अंक पिवळसर असत. मी ठरवलं, रंगकार सणाचं भान ठेवतो. हिवाळ्यातल्या अंकांवर करडी छटा असे. तो त्याचा उदास काळ. मी हे गिरणीत सगळ्यांना समजावून सांगायचो. उखर्डूनाना नावाचे म्हातारबाबा ज्वारी-उडदाचं, म्हणजे कळण्याचं दळण घेऊन येत आणि माझं ऐकून मान डोलवत. त्यांना वाचता येत नव्हतं, त्यामुळे त्यांचं मत निःपक्षपाती होतं.

त्या वर्षी उन्हाळ्यात, घरोघर पापडांची गडबड चालू असताना, अंक इतके पांढरे झाले की झंझावीर कुठे संपतो आणि ढग कुठे सुरू होतो ते कळेना. उदास काळ मी समजून घेतला होता. आळस समजून घेणार नव्हतो. पहिल्या पानावर बारीक अक्षरांत ‘रंगसज्जा : हरस्वरूप’ असं असायचं. मी दिल्लीला संपादकांना पत्र लिहिलं, की हरस्वरूपजींचा रंग संपला आहे किंवा नजर. दोन्हींपैकी जे संपलं असेल ते त्यांना द्यावं, नाहीतर घरी बसवावं.

पत्र छापून आलं. खाली नाव, गाव, जिल्हा. त्याखाली संपादकांचं उत्तर. वाचकाचं म्हणणं आम्ही शिरोधार्य मानतो, हरस्वरूपजींचं वयही झालं आहे, पुढच्या अंकापासून त्यांना विश्राम देत आहोत.

गिरणीत ते पान तीनदा मोठ्याने वाचलं गेलं. अक्काने तर नियमच मोडला. धुळ्याच्या मामाला दाखवायला तिने तो अंक मला घरी नेऊ दिला. कोपरे दुमडू नको, एवढंच बजावलं.

धुळ्याच्या स्टँडवर उतरलो तर पुस्तकांच्या स्टॉलवर तोच अंक चिमट्याला लटकत होता. झंझावीरचा अंगरखा लाल होता. लाल म्हणजे पिकलेल्या मिरचीसारखा लाल. आकाश निळं होतं. मला वाटलं, जिल्ह्याच्या गावासाठी वेगळा छापत असतील. जिल्ह्याच्या ठिकाणी सगळंच जास्त मिळतं. स्टॉलवाला म्हणाला, सगळीकडे हाच. मी माझा अंक काढला, दोन्ही एकाच पानावर उघडून शेजारी ठेवले आणि एक लांब उसासा टाकला.

पान उडालं नाही. पानावरचं उडालं. खालून लाल अंगरखा वर आला. स्टॉलवाला दोनदा शिंकला आणि शांतपणे म्हणाला, “भाऊ, पुस्तक दाखवायला आणलं का दळण?”

रतिलालमामाचं सायकल दुरुस्तीचं दुकान स्टँडजवळच होतं. मी सगळं सांगितलं. मामाने ऐकताऐकता एक पंक्चर काढलं, मग माझ्याकडे पाहिलं.

“म्हणजे त्या माणसाच्या तोंडावर पीठ तू फेकलं, अन् वर बोंबलतो की त्याला दिसत नाही.”

परतीच्या एस.टी.त मी एकटाच खिडकीकडे तोंड करून बसलो. दिल्लीत कुठेतरी एक म्हातारा माणूस घरी बसला होता आणि त्याचं कारण माझ्या मांडीवर होतं.

अक्काला सांगितलं, तर तिला नवल वाटलं ते भलत्याच गोष्टीचं.

“माले वाटनं, तुले ठाऊक शे,” ती म्हणाली. “दिवाईले लोक काय दळतस? डाळ. ते बेसन शे, भो.”

माझा पिवळा सणही गेला. उदास काळ कुठून आला ते विचारायची गरज उरली नाही, कारण उखर्डूनाना कळण्याच्या करड्या पिठाच्या डब्याला मिठी मारून गुपचूप दाराकडे सरकत होते. त्यांना वाटलं दिल्लीहून पोलीस येतील.

मी माफीचं पत्र लिहायला बसलो. पहिल्या खर्ड्यात चार पानं माझा सिद्धांत होता आणि शेवटी एक ओळ पिठाबद्दल. अक्काने गिरणी थांबवून तो वाचून घेतला आणि परत दिला.

“मत नको लिखू. काय झायं ते लिख.”

मग जे झालं ते लिहिलं. ते एका पानात बसलं. दिवाळीच्या पिवळ्या छटेबद्दल मात्र समासात एक ओळ राहू दिली. तेवढा मोह आवरला नाही. पण संपादक विश्वास का ठेवतील? अक्काने पुरावा सुचवला. माझं पत्र छापलेला तोच अंक तिने घेतला, डावीकडची पानं तशीच ठेवली आणि उजवीकडची फडक्याने पुसली. असं सगळ्या अंकभर. माझं नाव छापलेला तो एकुलता एक अंक होता. तो पाकिटात जाताना मी दुसरीकडे पाहिलं. साक्षीदार म्हणून उखर्डूनानांनी पत्रावर अंगठा उठवला. अंगठा पिठाचा असल्याने शाई नीट धरली नाही, पण पुरावा दुप्पट झाला. पाकीट रजिस्टरने गेलं.

नंतरच्या तीन अंकांवर हरस्वरूप हे नाव नव्हतं. नवा रंगकार उत्साही होता. झाडं जांभळी, नदी नारिंगी, आणि नायिकेच्या ओठांचा रंग तिच्या कानापर्यंत पोचलेला. एरवी मी यावर दहा पानं लिहिली असती. आता प्रत्येक जांभळं झाड माझ्याकडे बोट दाखवत होतं.

त्या दिवसांत मी गिरणीतले जुने अंक एकेक करून पुसायला घेतले. दळण नसलं तरी जायचो. एका डोंगरामागच्या संध्याकाळीला त्या माणसाने सात थर दिले होते. खलनायकाच्या आईच्या डोळ्यात पाणी होतं, आणि त्या पाण्यात खिडकीचा उजेड. झाडामागच्या घोड्याच्या पाठीवर त्याने बारीकशी चकाकी ठेवली होती, म्हणजे तो तिथे आहे आणि धडधाकट आहे हे कळावं. तीन वर्षं हा माणूस माझ्यासाठी एवढं करत होता आणि मी वरचं पीठ वाचत होतो.

दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले असतील. अक्काने निरोप पाठवला. गेलो तर नवा अंक तिने झाकणाच्या डब्यात घालून ठेवला होता. हातात देताना म्हणाली, हात पुस.

पहिलं पान उघडलं. रंगसज्जा : हरस्वरूप.

ती ओळ मी अक्काला मोठ्याने वाचून दाखवली. मग पुढे वाचलं. खलनायक पळतापळता एका पिठाच्या गिरणीत शिरतो आणि झंझावीर मागोमाग शिरून फुंकर मारतो. पुढची चार पानं पांढरी. पांढऱ्यातून एक हात, एक डोळा, लाल अंगरख्याचं टोक. मी सवयीने पानावर फुंकर मारली. काही उडालं नाही. शर्टाच्या बाहीने पुसलं. तरी तसंच. ते छापलेलं होतं. मागच्या भिंतीवर पाटी होती, ‘कुंदाबाई की चक्की’, आणि कोपऱ्यात डब्याला मिठी मारलेला एक म्हातारा, ज्याचा अंगठा पांढरा होता.

उखर्डूनानांना ते चित्र दाखवलं. त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, पोलीस नाही ना आले? मी म्हटलं, नाही आले. मग त्यांनी मला ती गोष्ट पहिल्यापासून वाचून दाखवायला लावली.

शेवटच्या पानावर संपादकांनी दिलगिरी छापली होती आणि खाली हरस्वरूपजींचे दोनच शब्दांत निभावलेले आभार. त्याशिवाय एक ओळ होती. दिवाळीच्या अंकाला पिवळी छटा द्यावी ही धरणगावच्या वाचकाची सूचना उत्तम आहे, पुढच्या वर्षीपासून तसं करू.

अक्काने चित्र नीट न्याहाळलं. तिच्या मते गिरणी चुकली होती. दाणा टाकायच्या तोंडातूनच पीठ बाहेर पडत होतं. मी पेन काढलं. तिने माझ्याकडे नुसतं पाहिलं.

पत्र मी त्याच दिवशी लिहिलं. त्यात गिरणीची चूक नव्हती, मत एकही नव्हतं. नुसते आभार होते, आणि सात थरांची ती संध्याकाळ मी पाहिली आहे, एवढंच. पाकिटात घालण्याआधी गिरणीबाहेर जाऊन कागद नीट झटकला.